उष्णतेचा ताण आणि तृणधान्यांतील पिष्टनिर्मिती : गव्हाच्या दाण्याच्या विशेष संदर्भात

सारांश

तृणधान्याच्या दाण्याचे वजन मुख्यतः त्यात साठलेल्या पिष्टावर म्हणजेच स्टार्चवर अवलंबून असते. दाणे भरण्याच्या काळात तापमान वाढल्यास दाणा बारीक व सुरकुतलेला राहतो, हे शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक आहे. हे नुकसान केवळ पाने लवकर वाळल्यामुळे होते, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि गेल्या चार दशकांतील वनस्पतिक्रियाविज्ञानाच्या संशोधनातून असे दिसून येते की, साखर दाण्यापर्यंत पोहोचूनही तिचे पिष्टात रूपांतर करणारी यंत्रणाच उष्णतेने मंदावते. प्रस्तुत लेखात या यंत्रणेचे स्वरूप, गहू, भात व मका या पिकांतील तिचे वेगवेगळे वर्तन आणि त्यातून निघणारे व्यावहारिक अर्थ यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : पिष्ट, भ्रूणपोष, विद्राव्य पिष्ट संश्लेषक, उष्णतेचा ताण, दाणे भरणे.

१. प्रास्ताविक

मार्च २०२२ हा महिना भारताच्या हवामानशास्त्रीय इतिहासात नोंद घेण्याजोगा ठरला. देशाचे सरासरी कमाल तापमान त्या महिन्यात ३३.१ अंश सेल्सिअस इतके होते व १९०१ पासूनच्या नोंदींतील तो सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेशात याच सुमारास गव्हाचे दाणे भरत असतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये देशातील गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज सुमारे ११.१३ कोटी टन इतका वर्तविण्यात आला होता. मे महिन्यात तो सुमारे १०.६४ कोटी टनांपर्यंत खाली आणावा लागला. १३ मे २०२२ रोजी केंद्र शासनाने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. त्यानंतर लगेचच पंजाब, हरियाणा व चंदीगड येथील शासकीय खरेदीत सुरकुतलेल्या दाण्यांची मान्य मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली आणि त्यापोटी शेतकऱ्याच्या दरात कपात करू नये असे ठरले.

वरील घटनाक्रमातील 'सुरकुतलेला दाणा' हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे. त्या वर्षी उभे पीक नष्ट झाले नव्हते. ओंब्या होत्या आणि ओंब्यांत दाणेही होते. उणीव होती ती दाण्यांच्या आतील पिष्टाची. एका विकराच्या कार्यक्षमतेत झालेली घट देशाच्या अन्नधोरणापर्यंत कशी पोहोचते, याचे हे ठळक उदाहरण होय. म्हणूनच हा विषय केवळ वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांपुरता मर्यादित न राहता अर्थशास्त्र, भूगोल व सार्वजनिक धोरण यांच्या अध्यापकांनाही विचारात घ्यावा लागतो.

२. लेखाची उद्दिष्टे व स्वरूप

(अ) दाण्यातील पिष्टनिर्मितीची प्रक्रिया सुगमपणे स्पष्ट करणे.
(ब) उष्णतेच्या ताणाने या प्रक्रियेतील कोणती पायरी प्रथम बाधित होते, हे पाहणे.
(क) प्रचलित उपाययोजनांच्या शक्यता व मर्यादा तपासणे.

प्रस्तुत लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो उपलब्ध संशोधनपर साहित्यावर म्हणजेच दुय्यम साधनांवर आधारलेला आहे.

३. दाण्यात पिष्ट कसे तयार होते?

गव्हाच्या दाण्याच्या कोरड्या वजनात पिष्टाचा वाटा साधारणपणे ६० ते ७० टक्के असतो. हे पिष्ट भ्रूणपोषात म्हणजे आपण ज्याचे पीठ म्हणून सेवन करतो त्या भागात साठते. पिष्टाचे दोन घटक आहेत. अमायलोज हा बहुतांशी सरळ साखळीचा घटक सुमारे एक चतुर्थांश, तर अमायलोपेक्टिन हा अनेक फांद्या असलेला घटक सुमारे तीन चतुर्थांश असतो.

पानांत प्रकाशसंश्लेषणाने तयार झालेली शर्करा सुक्रोजच्या रूपाने ओंबीकडे वाहून नेली जाते. फुलोऱ्यापूर्वी खोडात साठविलेली शर्कराही गरजेप्रमाणे दाण्याकडे वळविली जाते. दाण्यात आल्यावर सुक्रोजचे विघटन होते व त्यापासून ग्लुकोज-१-फॉस्फेट तयार होते. पुढची पायरी महत्त्वाची आहे. एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरायलेज हे विकर एटीपीच्या साहाय्याने ग्लुकोज-१-फॉस्फेटचे रूपांतर एडीपी-ग्लुकोजमध्ये करते. पिष्टाच्या साखळीत जोडला जाणारा प्रत्येक ग्लुकोज रेणू याच रूपात पुरविला जातो. तृणधान्यांच्या भ्रूणपोषात हे कार्य बहुतांशी पेशीद्रव्यात होते व तयार झालेले एडीपी-ग्लुकोज अमायलोप्लास्टमध्ये, म्हणजे पिष्ट साठविणाऱ्या रंगहीन लवकात, नेले जाते.

अमायलोप्लास्टमध्ये तीन प्रकारची विकरे एकत्रितपणे काम करतात. कणबद्ध पिष्ट संश्लेषक हे विकर अमायलोज तयार करते. विद्राव्य पिष्ट संश्लेषक या गटातील विकरे अमायलोपेक्टिनच्या साखळ्या लांबवितात. शाखा जोडणारी व अनावश्यक शाखा छाटणारी विकरे त्या साखळ्यांना योग्य आकार देतात. ही मांडणी व्यवस्थित झाली तरच पिष्टकण घट्ट बांधणीचे होतात.

गव्हात हे कण दोन प्रकारचे असतात. फुलोऱ्यानंतर साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून मोठे, भिंगाच्या आकाराचे 'अ' प्रकारचे कण तयार होऊ लागतात. सुमारे दहा-बारा दिवसांनंतर लहान, गोलसर 'ब' प्रकारच्या कणांची निर्मिती सुरू होते. संख्येने 'ब' कण ९० टक्क्यांहून अधिक असले, तरी वजनाचा मोठा भाग 'अ' कणांत असतो. दाण्यातील मोकळ्या जागा भरून काढण्याचे काम मात्र 'ब' कणच करतात.

४. साखर कमी पडते की साखरेचा उपयोग होत नाही?

उष्णतेच्या ताणाचा परिणाम पानांवरही होतो, यात शंका नाही. प्रकाशसंश्लेषणातील रुबिस्को या विकराला कार्यक्षम ठेवणारे रुबिस्को ॲक्टिव्हेज हे प्रथिन उष्णतेला विशेष संवेदनशील आहे. तसेच अतिउष्णतेने पाने अकाली पिवळी पडतात. लोबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उत्तर भारतातील गव्हाच्या उपग्रहीय नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३४ अंशांपेक्षा अधिक तापमानाने पीक पिवळे पडण्याची प्रक्रिया वेगाने पुढे सरकते, असे त्यात आढळून आले.

परंतु येथे एक प्रश्न उपस्थित होतो. पाने हिरवी राहिली व साखरेचा पुरवठा चालू राहिला, तर दाणा भरेल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी केलेले प्रयोग उद्बोधक आहेत. भुल्लर व जेनर यांनी १९८० च्या दशकात गव्हाच्या ओंब्या झाडापासून वेगळ्या करून सुक्रोजच्या द्रावणावर वाढविल्या. अशा ओंबीला पानांची गरज उरत नाही. साखर थेट मिळते. असे असूनही तापमान वाढविल्यावर पिष्टाची निर्मिती घटली. उष्णतेच्या ताणाखालील दाण्यांत सुक्रोजचा साठा पिष्टाच्या प्रमाणात घटत नाही, असेही अनेक अभ्यासांत दिसून आले. याचा अर्थ असा की, अडथळा कोठारापर्यंत येणाऱ्या वाटेवर नसून कोठाराच्या आत आहे.

५. अडथळ्याची नेमकी जागा

हा अडथळा शोधण्यासाठी पिष्टमार्गातील विकरांची क्रियाशीलता निरनिराळ्या तापमानांना मोजण्यात आली. कीलिंग व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये, तसेच त्याच सुमारास हॉकर व जेनर यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत एकवाक्यता आढळते. गव्हाच्या भ्रूणपोषातील विद्राव्य पिष्ट संश्लेषक हे विकर इतर विकरांच्या तुलनेत उष्णतेला अधिक संवेदनशील आहे. सामान्यतः तापमान वाढले की विकरांचा वेग काही मर्यादेपर्यंत वाढतो. या विकराचा वेग मात्र २० ते २५ अंशांच्या आसपास सर्वाधिक असतो व त्यापुढे तो घसरू लागतो. मार्गातील इतर विकरे या तापमानात पुरेशी कार्यक्षम असतात. परंतु साखळीचा वेग तिच्यातील सर्वांत मंद कडीच ठरवीत असल्याने एकूण उत्पादन घटते.

या घसरणीचे दोन प्रकार लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिला प्रकार तात्कालिक स्वरूपाचा आहे. तापमान अनुकूल मर्यादेपलीकडे गेल्यावर विकराचा वेग मंदावतो आणि तापमान उतरल्यावर तो पूर्ववत होतो. दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. तापमान ३० अंशांच्या बरेच वर गेल्यास विकराची काही क्रियाशीलता नष्ट होते व तापमान उतरल्यानंतरही ती लगेच भरून निघत नाही. दुपारच्या काही तासांच्या तीव्र उष्णतेची किंमत दाण्याला पुढील थंड रात्रीही चुकवावी लागते. म्हणूनच केवळ सरासरी तापमानाच्या आकड्यांवरून दाण्याच्या नुकसानीचा पुरेसा अंदाज येत नाही.

उष्णता केव्हा येते यालाही तितकेच महत्त्व आहे. फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या सुमारे दोन आठवड्यांत भ्रूणपोषातील पेशींची संख्या निश्चित होत असते. या काळात ताण आल्यास पेशी व अमायलोप्लास्ट यांची संख्या कमी राहते, म्हणजेच कोठारच लहान बांधले जाते. नंतरच्या काळात ताण आल्यास कोठार पुरेसे असते, पण ते भरत नाही. या दुसऱ्या अवस्थेत 'ब' प्रकारच्या कणांची संख्या विशेषत्वाने घटते.

याखेरीज उष्णतेने दाणे भरण्याचा कालावधी आखडतो. माफक तापमानवाढीत भरण्याचा दैनंदिन वेग थोडा वाढतो. मात्र कमी झालेल्या दिवसांची भरपाई त्यातून होत नाही. वॉर्डलॉ व रिग्ली यांनी १९९४ मध्ये केलेल्या आढाव्यानुसार नियंत्रित परिस्थितीत १५ ते २० अंशांच्या वर दर एक अंश वाढीमागे गव्हाच्या उत्पादनात ३ ते ४ टक्के घट संभवते. ही आकडेवारी प्रयोगगृहातील असल्याने ती प्रत्येक शेताला जशीच्या तशी लावता येत नाही. परंतु नुकसानीची दिशा तीतून स्पष्ट होते.

६. दाण्याच्या प्रतीवरील परिणाम

उष्णतेने सापडलेल्या गव्हात प्रथिनांचे शेकडा प्रमाण वाढलेले आढळते. यावरून असा गहू अधिक पौष्टिक असतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. प्रथिनांच्या संचयापेक्षा पिष्टाचा संचय अधिक प्रमाणात घटतो, त्यामुळे प्रथिनांचा शेकडा वाटा वाढलेला दिसतो. प्रत्येक दाण्यातील प्रथिनांचे प्रत्यक्ष वजन त्या प्रमाणात वाढलेले नसते. टक्केवारी व प्रत्यक्ष परिमाण यांतील हा भेद विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासाठी हे उदाहरण अत्यंत उपयुक्त आहे. शिवाय ३५ अंशांपेक्षा अधिक उष्णतेच्या लाटेत ग्लुटेनच्या घटकांचे परस्परप्रमाण बदलते व कणकेची ताकद कमी होऊ शकते. दाणा सुरकुतला की साल व गाभा यांचे प्रमाणही बिघडते आणि दळणात पिठाचा उतारा कमी मिळतो.

७. भात व मका : तुलनात्मक दृष्टिक्षेप

भातात उष्णतेचा परिणाम वेगळ्या स्वरूपात प्रकट होतो. तांदळाचा दाणा पारदर्शक न राहता त्यात खडूसारखा पांढरा भाग दिसतो. अशा भागात पिष्टकण सैल व गोलसर राहतात आणि त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्यांमुळे प्रकाश विखुरला जातो. यामाकावा व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, दाणे पक्व होताना उष्णता असल्यास कणबद्ध पिष्ट संश्लेषक व शाखा जोडणारे विकर यांच्या जनुकांची अभिव्यक्ती घटते आणि त्याच वेळी पिष्टाचे विघटन करणाऱ्या अल्फा-अमायलेजच्या जनुकांची अभिव्यक्ती वाढते. २०१२ मध्ये हाकाता व सहकाऱ्यांनी अल्फा-अमायलेजची जनुके दडपली असता खडूसारख्या दाण्यांचे प्रमाण कमी झाले. म्हणजे भातात बांधणी मंदावण्याबरोबरच बांधलेले मोडण्याची क्रियाही घडत असते.

भाताच्या बाबतीत रात्रीचे तापमानही निर्णायक ठरते. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरील नोंदींच्या आधारे पेंग व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोरड्या हंगामातील किमान तापमानाच्या दर एक अंश वाढीमागे उत्पादनात सुमारे १० टक्के घट आढळली.

या प्रश्नाची आर्थिक बाजू शेजारच्या तेलंगणात स्पष्टपणे दिसून आली. तेथील 'यासंगी' म्हणजे रब्बी हंगामातील भात कडक उन्हात पक्व होतो व साधी भरडाई केल्यास त्यात कणीचे प्रमाण वाढते. खडूसारखे ठिसूळ दाणे व झपाट्याने वाळताना पडणाऱ्या भेगा ही त्याची कारणे होत. भात उकडल्यास दाण्यातील पिष्ट फुगून भेगा सांधल्या जातात, म्हणून तेथे उकडा तांदूळ करण्याची पद्धत रूढ झाली. २०२१-२२ मध्ये केंद्राने उकडा तांदूळ स्वीकारण्यास असमर्थता दर्शविल्यावर राज्य व केंद्र यांच्यात तीव्र वाद उद्भवला. महाराष्ट्रात भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील उन्हाळी धानाच्या संदर्भात हा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे.

मक्यात एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरायलेज हे विकर उष्णतेने लवकर निष्क्रिय होते. ग्रीन व हॅना यांनी १९९८ मध्ये या विकराचे उष्णता सहन करणारे बदललेले रूप वर्णिले. २०२० मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातील रिबेरो, हॅना व सहकाऱ्यांनी अमायलोप्लास्टमधील आणखी एका उष्णतासंवेदनशील विकराची, म्हणजे ६-फॉस्फोग्लुकोनेट डिहायड्रोजनेजची, भूमिका स्पष्ट केली. त्या विकराची उष्णता सोसणारी रूपे अमायलोप्लास्टमध्ये पोहोचविली असता उष्ण हवामानातील शेतावर उत्पादनातील घट कमी झाली. यावरून असे दिसते की, प्रत्येक पिकातील दुबळी कडी एकच नसते.

८. महाराष्ट्रातील गव्हाच्या संदर्भात

महाराष्ट्र गव्हाच्या द्वीपकल्पीय विभागात मोडतो. येथील हिवाळा अल्पकाळ टिकणारा व सौम्य असल्याने दाणे भरण्यास मिळणारा थंड कालावधी उत्तर भारताच्या तुलनेत कमी असतो. खरिपाचे पीक निघण्यास विलंब झाल्यास गव्हाची पेरणी डिसेंबरपर्यंत लांबते आणि दाण्यात चीक भरण्याची अवस्था फेब्रुवारीअखेरच्या उन्हात सापडते. फेब्रुवारी २०२३ हा देशातील १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, ही बाब या दृष्टीने चिंताजनक आहे.

उपाययोजनांचा विचार करताना वरील विवेचनाचा थेट उपयोग होतो. पहिला व सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे नोव्हेंबरमध्ये वेळेवर पेरणी. विकर दुबळे असले तरी त्याची उष्णतेशी गाठच पडू नये, हे त्यामागील तत्त्व होय. भारतीय कृषी संशोधन संस्थेने लवकर पेरणीसाठी विकसित केलेल्या 'एचडी ३३८५' या वाणामागेही हेच तत्त्व आहे. उशिरा पेरणी अटळ असल्यास त्यासाठी शिफारस केलेले वाण निवडावे लागतात. निफाड येथील संशोधन केंद्रातून प्रसारित झालेले 'एनआयएडब्ल्यू ३४' व 'फुले समाधान' हे वाण या संदर्भात परिचित आहेत.

दुसरा उपाय पाण्याचा आहे. पुरेशा ओलाव्यात बाष्पोत्सर्जनामुळे पिकाचे तापमान हवेपेक्षा काही अंशांनी कमी राहते. फुलोरा व चीक भरण्याची अवस्था आणि त्यानंतरची दाणे भरण्याची अवस्था, म्हणजे पेरणीनंतर अनुक्रमे ६० ते ६५ व ८० ते ८५ दिवसांच्या सुमारास दिलेले पाणी केवळ तहान भागवीत नाही, तर दाण्यातील विकराला थंडावाही देते. विहिरीने तळ गाठलेल्या शेतकऱ्यापुढे मात्र हा उपाय नेमक्या गरजेच्या वेळी उपलब्ध नसतो.

तिसरा उपाय फवारण्यांचा आहे. पंजाब कृषी विद्यापीठाने पोटॅशियम नायट्रेटच्या २ टक्के द्रावणाच्या फवारणीची शिफारस केलेली आहे. अशा फवारण्यांनी पाने अधिक काळ हिरवी राहण्यास मदत होते. परंतु अडथळा दाण्याच्या आतही असल्याने पानांना दिलेल्या आधाराला मर्यादा आहेत. तीव्र उष्णतेत वारंवार महागडी फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला ही मर्यादा स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

जनुकीय उपायांबाबतही सावध आशावाद योग्य ठरेल. मक्यातील एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरायलेजचे सुधारित जनुक गव्हात घातल्यावर २००२ मध्ये स्मिडान्स्की व सहकाऱ्यांना हरितगृहात उत्पादनात सुमारे ३८ टक्के वाढ मिळाली होती. पुढील क्षेत्रीय चाचण्यांत मात्र तसा लाभ सर्वत्र आढळला नाही. पुरेसे पाणी व विरळ लागवड असतानाच तो दिसून आला. एक कडी मजबूत केली की मर्यादा दुसऱ्या कडीकडे सरकते, हाच त्यातून मिळणारा बोध होय.

९. निष्कर्ष

१. उष्णतेच्या ताणाने होणारे दाण्याचे नुकसान हे केवळ पानांच्या ऱ्हासाचे फलित नसून दाण्यातील पिष्टनिर्मिती मंदावल्याचाही परिणाम आहे.
२. गव्हात विद्राव्य पिष्ट संश्लेषक हे विकर प्रमुख दुबळी कडी आहे. भात व मक्यात अन्य विकरांची भूमिका अधिक ठळकपणे आढळते.
३. उष्णतेची तीव्रता, तिची वेळ व रात्रीचे तापमान यांचा स्वतंत्र विचार न करता केवळ मासिक सरासरीवरून नुकसानीचा अंदाज बांधणे अपुरे ठरते.
४. उपलब्ध उपायांत वेळेवर पेरणी व योग्य वाणाची निवड यांना अग्रक्रम द्यावा लागेल. पाणी व फवारणी हे पूरक उपाय होत.
५. धान्य खरेदीचे निकष ठरविताना सुरकुतलेल्या वा तुटणाऱ्या दाण्यास शेतकऱ्याची हयगय न मानता हवामानाचा परिणाम म्हणून पाहणे न्याय्य ठरेल. २०२२ मध्ये हा निर्णय हंगाम सुरू झाल्यानंतर घ्यावा लागला. दाणे भरण्याच्या काळातील तापमानाच्या नोंदी हाती असताना तो आधीच घेणे शक्य आहे आणि त्यासाठी कृषिविज्ञान व धोरणनिर्मिती या दोन्ही क्षेत्रांनी एकमेकांची भाषा समजून घेणे अगत्याचे आहे.